पहिल्या चाचणीत आपली लेक असावी का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. सव्वा वर्षाची होईपर्यंत सगळं ठीक होतं. चार-पाच शब्द बोलायची, हातातलं खेळणं कुणाला द्यायची नाही. मग शब्द गेले, पाठोपाठ हातही गेले. आता दिवसभर दोन्ही हात एकमेकांवर चोळत बसते. जनुकीय तपासणीत रेट सिंड्रोम निघाला. परवा आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, की एक संशोधक गट या आजारावर जीन एडिटिंगची पहिली मानवी चाचणी घेण्याच्या तयारीत आहे आणि पूर्वतपासणीसाठी मुलींची नावं मागवतो आहे. अमेरिकेतल्या एका बाळाला सहा महिन्यांत खास औषध तयार करून वाचवलं, ही बातमी मिस्टरांनी वाचली आहे. ते म्हणतात, नाव आजच देऊन टाकू. सासूबाई म्हणतात, नातीचा गिनीपिग होऊ देणार नाही. डॉक्टर असंही म्हणाले, की जीन थेरपीची एक वेगळी चाचणी आधीपासून सुरू आहे, तिथेही विचारता येईल. त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढला. 'नाही' म्हटलं आणि उद्या तेच औषध लागू पडलं तर? 'हो' म्हटलं आणि काही झालं तर? पुढचं लिहवत नाही. मोठा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ती बोलायला कधी लागेल, असं रोज विचारतो. त्याला काय सांगू?
एक आई

उत्तर :

ताई, आधी सरळ उत्तर देते. पूर्वतपासणीला जा. मुख्य चाचणीच्या संमतिपत्रावर मात्र इतक्यात सही करू नका. ना या चाचणीच्या, ना त्या दुसऱ्या.

पूर्वतपासणीत रक्त घेतात, जनुकीय अहवाल नीट वाचतात, मेंदूचा आणि हृदयाचा आलेख काढतात, तिची फिटची औषधं, वजन, पाठीचा बाक बघतात. एवढं सगळं होऊनही तुम्ही 'नको' म्हणून घरी येऊ शकता आणि तिचं काही बिघडत नाही. चाचणीतलं औषध एकदा शरीरात गेलं की मात्र पुढच्या काही वाटा बंद होतात. तुमच्या घरातल्या वादात ही गोष्ट कुठेच आलेली दिसत नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावरच उभा आहे.

मेंदूपर्यंत नवं जनुक (म्हणजे जीन थेरपी) किंवा आहे तेच जनुक दुरुस्त करणारी यंत्रणा (म्हणजे जीन एडिटिंग) पोचवायला आज बहुतेक ठिकाणी एएव्ही नावाचा छोटा विषाणू वापरतात. तो माणसाला आजारी पाडत नाही म्हणूनच निवडलेला आहे. त्याच्यातला त्याचा स्वतःचा मजकूर काढून टाकतात आणि आपल्याला हवा तो भरतात. पण शरीराच्या लेखी तो परकाच. मोठ्या मात्रेत एकदा टोचला की प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. दुसऱ्यांदा दिला तर तो वाटेतच निकामी होतो, किंवा शरीराची धोकादायक प्रतिक्रिया येते. म्हणून एका जीन थेरपीच्या चाचणीत औषध घेतलेली मुलगी पुढे एडिटिंगच्या चाचणीत सहसा घेतली जात नाही, आणि एडिटिंग घेतलेली जीन थेरपीत जात नाही. तुम्हाला वाटतंय, आपल्यापुढे दोन संधी आहेत. आजच्या तंत्रात तरी तुमच्या हातात एकच आहे.

हा विषाणू निसर्गातही असतो. काही मुलांना त्याचा संसर्ग कधीतरी होऊन गेलेला असतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो. अशा मुलीच्या रक्तात अँटिबॉडी आधीच सापडल्या तर चाचणीचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. नवरा-बायकोने महिनाभर अबोला धरावा आणि मग रक्ताचा अहवाल येऊन सगळंच निकालात निघावं, असं मी माझ्या कामात पाहिलेलं आहे. म्हणून म्हणते, आधी अहवाल येऊ द्या.

आता या दोन उपचारांमधला फरक. रेटमध्ये तो फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या आजारात बिघडतं ते एमईसीपी२ हे एक्स गुणसूत्रावरचं जनुक. डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६मध्ये आजाराचं वर्णन केलं आणि त्यामागचं जनुक सापडायला १९९९ उजाडलं. हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं. मुलींच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात आणि पेशी त्यातलं एकच वापरते. म्हणजे तुमच्या लेकीच्या मेंदूतल्या साधारण निम्म्या पेशींमध्ये हे जनुक आजही नीट काम करतंय. बाकीच्या पेशींमध्ये नाही, आणि दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. आता बाहेरून जनुकाची जादा प्रत सगळीकडे पाठवली, तर आजारी पेशींना हवं ते मिळतं, पण चांगल्या पेशींना दुप्पट मिळतं. आणि या जनुकाचं प्रथिन दुप्पट झालं तरी मेंदू बिघडतो. एमईसीपी२च्या जादा प्रतीमुळे होणारा आजार वेगळा आहे, तो मुख्यतः मुलग्यांमध्ये दिसतो आणि तोही गंभीर असतो. म्हणून रेटच्या जीन थेरपीत जादा प्रतीला लगाम घालणारी रचना आत बसवावी लागते. त्या दुसऱ्या चाचणीच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा, की तुमच्या औषधात लगाम कोणता आणि तो चालतो हे कशावरून.

एडिटिंगकडे ओढा आहे तो यामुळेच. तिथे जादा प्रत द्यायची नसते. पुस्तकात नवं पान चिकटवण्याऐवजी चुकलेली वेलांटी जागच्या जागी नीट करावी, तसं ते आहे. जनुक आपल्या जागी राहतं, पेशी त्याला नेहमीच्याच शिस्तीत वापरते, त्यामुळे प्रथिन जादा होण्याची भीती राहत नाही. डीएनए हव्या त्या जागी कापणारं क्रिस्परचं तंत्र २०१२मध्ये पुढे आलं, त्याबद्दल जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांना २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे डेव्हिड लिऊ यांच्या गटाने डीएनएचे दोन्ही धागे न तोडता त्यातलं एकच अक्षर बदलण्याच्या पद्धती काढल्या. रेटसारख्या आजारात आशा आहे ती मुख्यतः या नव्या पद्धतींवर.

पण वेलांटी दुरुस्त करणारं औषध त्याच एका वेलांटीसाठी बनवलेलं असतं. तुमच्या मुलीच्या अहवालात एक ओळ असेल, टी१५८एम, आर१६८एक्स, आर२५५एक्स अशा धर्तीची. रेटच्या निम्म्याहून जास्त मुलींमध्ये दोष ठरावीक आठ जागांपैकी एका ठिकाणी असतो, उरलेल्यांमध्ये तो इतरत्र विखुरलेला असतो, काहींमध्ये जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असतो. तुकडा गळाला असेल तर अक्षर दुरुस्त करणारं औषध उपयोगाचं नाही. तुमच्या पत्रात ही ओळ नाही. अहवाल काढा, ती ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या आणि संशोधकांना पहिला प्रश्न हाच विचारा, की तुमचं औषध याच दोषासाठी आहे का?

तुमच्या मिस्टरांनी वाचलेली बातमी खरी आहे आणि ती मोठीच आहे. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात डॉ. रेबेका आरेन्स-निकलस आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले डॉ. किरण मुसुनुरू यांच्या गटाने सीपीएस१ या एंझाइमच्या कमतरतेने आजारी असलेल्या तान्ह्या बाळासाठी सुमारे सहा महिन्यांत खास औषध बनवलं. २०२५च्या फेब्रुवारीत पहिला डोस दिला, पुढे आणखी दोन दिले, आणि बाळ घरी गेलं. एका मुलासाठी एक औषध, हे होऊ शकतं हे त्यांनी दाखवून दिलं. पण तो आजार यकृताचा. औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून शिरेतून दिलं, आणि असे कण रक्तातून आपसूक यकृतात जातात. ते विषाणू नसल्यामुळे पुन्हा देता आले, मात्रा हळूहळू वाढवता आली. शिवाय काम झालं की ते काही दिवसांत नाहीसे होतात.

मेंदूचं तसं नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पडदा आहे, हे कण तो ओलांडून पुरेसे आत जात नाहीत. म्हणून पुन्हा विषाणूकडे वळावं लागतं. एएव्हीमध्ये जेमतेम ४,७०० अक्षरांचा मजकूर मावतो आणि अक्षर बदलणारी यंत्रणा त्याहून मोठी असते. मग ती दोन तुकड्यांत, दोन विषाणूंत भरतात. दोन्ही एकाच पेशीत पोचले तरच काम होतं. आणि मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे आत गेलेली यंत्रणा तिथे दीर्घकाळ तयार होत राहू शकते. दुरुस्ती एकदा झाल्यावर तिची गरज नसते, तरी ती असते. ती मुळात जिवाणूंकडून घेतलेली असल्याने शरीर तिच्यावर चालून जाऊ शकतं, आणि भलत्या जागचं अक्षर बदलण्याची शक्यताही जितका काळ ती आत आहे तितका काळ राहते. नेहमीचं औषध सोसलं नाही तर बंद करता येतं. हे तसं बंद करता येत नाही.

मेंदूच्या बाबतीतही आशादायक काम झालेलं आहे, ते लपवून तुम्हाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. २०२५च्या जुलैमध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि जॅक्सन लॅबोरेटरीच्या गटाने लहानपणीच सुरू होणाऱ्या दुसऱ्या एका दुर्मीळ मेंदूविकारावर एडिटिंग करून दाखवलं. या आजारात शरीराची एक बाजू काही काळ लुळी पडते, मग दुसरी. त्यांच्या उंदरांच्या मेंदूतला दोष दुरुस्त झाला, झटके कमी झाले, आयुष्य वाढलं. पण ते उंदीर होते, आणि औषध जन्मल्यावर लगेच दिलेलं होतं.

आता वेळेबद्दल. तुमच्या मिस्टरांची घाई कुठून येते ते मला कळतं. "आत्ता नाही तर कधीच नाही," ही भीती सगळ्याच आईबापांना असते, आणि काही आजारांत ती अगदी रास्त असते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीत मणक्यातल्या चेतापेशी मरतात, मेलेल्या परत येत नाहीत, तिथे आठवडेसुद्धा महत्त्वाचे ठरतात. रेटमध्ये चेतापेशी मरत नाहीत. त्या लहान राहतात, त्यांची जोडणी दुबळी राहते. २००७मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये हे जनुक आधी बंद ठेवलं आणि आजार पुरता दिसू लागल्यावर चालू केलं. मोठे झालेले, आजारी उंदीर बरेचसे सावरले. तोपर्यंत कुणाला हे शक्य वाटत नव्हतं. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती क्वचितच सांगितली जाते. जनुक एकदम झपाट्याने चालू केलं तेव्हा काही उंदीर दगावले, हळूहळू चालू केलं तेव्हा ते तगले. मेंदूला हे प्रथिन किती द्यायचं आणि किती वेगाने द्यायचं, हे दोन्ही प्रश्न त्यातून उभे राहिले.

माणसाचं पोर म्हणजे उंदीर नव्हे. पाठीचा बाक वाढतो, सांधे आखडतात, फिट येतात, आणि ही वर्षं कोणतंही जनुक नंतर परत देत नाही. तरीही या प्रयोगामुळे एवढं तुम्हाला निश्चिंत मनाने म्हणता येईल, की सहा महिने विचारात गेले म्हणून दार कायमचं बंद झालं, असं रेटमध्ये मानायला आधार नाही. जो कुणी तुम्हाला "या आठवड्यात कळवा, नाहीतर जागा जाईल" असं म्हणेल, त्याला 'आम्हाला विचार करायला वेळ हवा' असं ठणकावून सांगा.

पहिल्या टप्प्याच्या चाचणीत संशोधक मुळात काय शोधत असतात, ते सासूबाई आणि मिस्टर दोघांनीही ऐकावं असं आहे. ते शोधतात, की हे औषध किती मात्रेत देता येतं आणि त्याने काय बिघडतं. मूल सुधारतं का, हेही ते बघतात, पण चाचणीची आखणी त्या प्रश्नासाठी नसते. प्रौढांना अशा चाचणीत फक्त विज्ञानासाठीही भाग घेता येतो. मुलांच्या बाबतीत नियम कडक आहेत. त्या मुलाला स्वतःला फायदा होण्याची खरीखुरी शक्यता असल्याशिवाय मोठी जोखीम त्याच्यावर टाकता येत नाही, आणि नैतिकता समितीला ते पटवून द्यावं लागतं. म्हणून सासूबाईंचा 'गिनीपिग' हा शब्द पुरता खरा नाही. मिस्टरांचा 'उपचार' हा शब्दही नाही. तुमची लेक एका प्रश्नाचा भाग होणार आहे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आज जगात कुणाकडेच नाही.

धोका केवढा, तेही स्वच्छ सांगते. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये रेटच्याच एका जीन थेरपीच्या चाचणीत जास्त मात्रा मिळालेल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला. विषाणूच्या मोठ्या मात्रेमुळे प्रतिकारशक्ती अंगभर भडकली. ती मात्रा त्यानंतर कुणालाही दिली गेली नाही, कमी मात्रेचा गट पुढे चालू राहिला. ही घटना मी तुम्हाला चाचण्यांपासून पळवून लावण्यासाठी सांगत नाही. पण संमतिपत्रात 'मृत्यू' हा शब्द जिथे येतो तिथे बहुतेक आईबाप नजर पुढे सरकवतात, तसं तुम्ही करू नये म्हणून सांगते.

संमतिपत्र घरी आणा. ते वीस-तीस पानांचं असेल. दोघांनी वेगवेगळं वाचा, हातात पेन्सिल घेऊन. एक वाक्य त्यात हमखास सापडेल, की तुम्ही कधीही चाचणीतून बाहेर पडू शकता. त्याखाली रेघ मारा आणि विचारा, बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय? औषध काढून घेता येत नाही, मग आपण थांबवू शकतो ते फक्त पुढच्या तपासण्या. त्याही थांबवू नयेत, कारण एडिटिंगच्या औषधांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १५ वर्षांपर्यंत पाठपुरावा ठेवावा असं सुचवलेलं आहे. तो पाठपुरावा तुमच्या मुलीच्याच भल्याचा आहे. कंपनी किंवा प्रकल्प मध्येच गुंडाळला गेला तर तो कोण करणार, हे लेखी मागा.

आमची मुलगी कितवी, हेही विचारा. पहिली असेल तर तिच्या आधी माणसावर काहीच अनुभव नाही. चौथी असेल तर तिघींचं काय झालं ते सांगा म्हणावं. दोन मुलींमध्ये किती आठवड्यांचं अंतर ठेवणार, आणि मधे काही बिघडलं तर चाचणी थांबवण्याचा अधिकार असलेली, औषध बनवणाऱ्यांपासून स्वतंत्र समिती कोणती? तिला कोणती मात्रा मिळणार आणि त्या मात्रेत मोठ्या प्राण्यांमध्ये काय दिसलं? औषध पाठीच्या मणक्यातून देणार की थेट मेंदूतल्या पोकळीत? दुष्परिणाम झाला तर अतिदक्षता विभागाचा खर्च कुणाचा, आणि तो किती काळ? उत्तर देताना जो डॉक्टर "हे आम्हाला अजून कळलेलं नाही" असं सरळ म्हणतो, त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. आणि तुमच्याकडून चाचणीच्या औषधासाठी पैसे मागितले जात असतील तर तिथून उठून या. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे घेत नाहीत.

औषध दिल्याच्या दिवसाबद्दल सगळे विचारतात, त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल कुणी विचारत नाही. तो दिवस भूल, सुई आणि देखरेख यांत जातो. खरी कसोटी पुढे लागते. प्रतिकारशक्ती दाबायला स्टिरॉइड आणि इतर औषधं महिनोन् महिने चालू शकतात, त्याने मूल चिडचिडं होतं, फुगतं, रात्र रात्र झोपत नाही. यकृत आणि प्लेटलेट बघायला आठवड्याला, कधी आठवड्यातून दोनदा रक्त काढतात. केंद्राजवळच राहावं लागतं. घरात कुणाला साधी सर्दी झाली तरी तिच्यापासून लांब ठेवायचं. जिवंत विषाणूंच्या लसी पुढे ढकलायच्या. आणि हे सगळं अशा मुलीचं, जिला कुठे दुखतंय ते शब्दांत सांगता येत नाही. तुम्ही तिचा श्वास रोखणं, डोळे फिरवणं, हात चोळण्याचा वेग यावरून तिचं दुखणं ओळखत असणार. तुमच्याशिवाय तिथे ते कुणाला कळणार नाही. तेव्हा त्या काळात तिच्याजवळ तुमच्यापैकी कोण, आणि घरी मुलाजवळ कोण, हे आधी ठरवा. हे ठरत नसेल तर चाचणीसाठी तुमचं घर अजून तयार नाही असं मी समजेन.

मी एका जोडप्याला विचारलं होतं, की काय झालं म्हणजे तुम्ही म्हणाल चाचणी सफल झाली? वडील म्हणाले, चालायला लागली पाहिजे. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, रात्री तीनदा उठते ती एकदाच उठली तरी चालेल. एकाच मुलीबद्दल बोलत होते दोघं. चालणं झालं नसतं तर वडिलांना सगळं फुकट गेल्यासारखं वाटलं असतं, आणि आईला त्याच मुलीत मोठा फरक दिसला असता. तुम्ही दोघं हा प्रश्न एकमेकांना विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा. तुमचा वाद चाचणीबद्दल आहे असं तुम्हाला वाटतंय. मला पत्र वाचून वाटलं, की तो 'बरी होणं' कशाला म्हणायचं याबद्दल आहे.

आजच सुरू करता येईल असं एक काम सांगते. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळेला तिचे थोडे व्हिडिओ काढा. समोर दोन चित्रं धरा आणि ती डोळ्यांनी कोणतं निवडते ते दिसू द्या. बसलेली, आधार धरून उभी असलेली, खेळण्याकडे हात नेण्याचा प्रयत्न करणारी. तारीख घाला. पुढे कोणताही उपचार झाला, तर आशेने बघणाऱ्या डोळ्यांना सुधारणा दिसणारच. तुमच्याच नव्हे, डॉक्टरांच्या डोळ्यांनाही दिसते. आधीचे व्हिडिओ असले की खरं काय ते ताडता येतं. शिवाय आजाराची नैसर्गिक वाटचाल नोंदवणारे अभ्यास असतात, औषध न देता फक्त निरीक्षण करणारे. त्यात नाव घालायला काहीच हरकत नाही. अशा नोंदी नसतील तर औषध लागू पडलं की नाही, हेच पुढे कुणाला सांगता येत नाही.

फिजिओथेरपी, डोळ्यांच्या इशाऱ्याने संवाद साधण्याचा सराव, पाठीची आणि हृदयाची नियमित तपासणी, फिटचा बंदोबस्त, यातलं काहीही चाचणीची वाट बघण्यात मागे पडू देऊ नका. रेटसाठीचं पहिलं मान्यताप्राप्त औषध, ट्रोफिनेटाइड, अमेरिकेत २०२३मध्ये आलं. ते जनुक दुरुस्त करत नाही, लक्षणांवर काम करतं, आणि जुलाबाचा त्रास अनेकींना होतो. ते घ्यायचं का, आणि घेतलं तर चाचणीच्या अटींत बसतं का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आता तुमची खरी भीती. 'नाही' म्हटलं आणि औषध लागू पडलं तर? ताई, तसं झालं तर ते औषध पहिल्या पाच-दहा मुलींवर थांबणार नाही. पुढचा टप्पा येईल, मात्रा ठरलेली असेल, कोणता त्रास होतो आणि तो कसा आवरायचा हे डॉक्टरांना ठाऊक असेल, आणि तुमच्या लेकीची ती एकुलती एक संधी शाबूत असेल. ती वयाच्या किंवा अँटिबॉडीच्या अटीत तेव्हा बसेलच अशी हमी मी देऊ शकत नाही. ही 'नाही'ची किंमत आहे आणि ती मान्य करूनच नाही म्हणावं. पण 'नाही' म्हणणारी आई मुलीच्या आड आली, असं मी कधीही म्हणणार नाही. 'हो' म्हणणाऱ्या आईने मुलीला पणाला लावलं, असंही म्हणणार नाही. पहिल्या चाचण्यांत ज्या घरांनी आपली मुलं दिली त्यांच्यामुळेच आज आपण इतकं बोलू शकतो आहोत, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, दोष त्याच जागी असेल, अँटिबॉडी नसतील, तरी पहिल्या दोघी-तिघींत मी तिला जाऊ दिलं नसतं. तिची तब्येत आज स्थिर आहे, फिट आवाक्यात आहेत, असं धरून हे लिहिते. आजार झपाट्याने वाढत असता तर मी वेगळं लिहिलं असतं. सुरू असलेल्या जीन थेरपीच्या चाचणीत आधीच्या मुलींचे अनुभव उपलब्ध आहेत. ते आधी समजून घ्या, मग एडिटिंगसाठी थांबायचं का ते ठरवा. सही दोघांची एकमताने झाली पाहिजे, एकाने दुसऱ्याला ओढून आणलेली नको. निकाल वाईट आला तर ओढून आणलेली सही घर मोडते. मिस्टरांना डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सोबत न्या, आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही. त्यांचा विरोध भीतीतून आहे, आणि त्यांचे प्रश्न डॉक्टरांनी ऐकण्यासारखे असतील.

आणखी एक. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मनात असेल म्हणून सांगते. रेटचा दोष ९९ टक्क्यांहून जास्त वेळा नव्यानेच उद्भवतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. गरोदरपणात तुमच्या हातून काही घडलं म्हणून हे झालेलं नाही.

मुलाला खरं सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला ते पेलतं. सांगा, की तिच्या शरीरातली एक सूचना चुकीची लिहिली गेली आहे, ती दुरुस्त करायला शास्त्रज्ञ शिकतायत, अजून त्यांना नीट येत नाही. ती बोलेल की नाही हे आम्हालाही माहीत नाही. त्याच्यामुळे ती आजारी पडलेली नाही हेही स्पष्ट सांगा, लहान मुलांना मनात तसं वाटत असतं आणि ती विचारत नाहीत. डोळ्यांनी चित्र निवडण्याचा खेळ त्याला शिकवा, तो तिच्याशी तुमच्यापेक्षा जास्त वेळ खेळेल. आणि चाचणीत जायचं ठरलंच तर तुम्ही किती दिवस नसाल, त्याच्याजवळ कोण असेल आणि रोज किती वाजता फोन येईल, हे त्याला निघण्याच्या आदल्या दिवशी नको, बरंच आधी सांगा.